दोन पाठवण्यांचं गाणं

आर्जेन्साकच्या थोरल्या बाईसाहेबांनी पेंटेकॉस्टच्या सणाला बेर्मोन आणि सावारिक या दोघा वैरी सरदारांनाही जेवायला बोलावलंय, हे ऐकलं आणि आमच्या पेरोनेलने तोंडाशी नेलेला घास परत वाडग्यात ठेवला. बारा वर्षांच्या संसारात मी हे पहिल्यांदाच पाहत होते.

"काय रे, खडा लागला?" मी विचारलं.

"दोघांच्या बायकाही येणार?"

"मग काय, बायकांना घरी ठेवून सणाला जातील? थोरल्या बाईसाहेब दोघांना मांडीला मांडी लावून बसवणार, कुरणाच्या भांडणावर पाणी सोडायला लावणार आणि वर फ्रोतारचं गाणं ऐकवणार. गाणार कोण, तर तू. आनंद मान की जरा."

आनंद काही मानला नाही. सराईतली बाई पलीकडे गेल्यावर त्याने खालच्या आवाजात जे सांगितलं, ते ऐकून माझाही घास राहिला.

आमचा धंदा असा. गाणं रचतो तो त्रुबादूर, आणि गावोगावी, गढ्या-गढ्यांत जाऊन ते गातात ते आमच्यासारखे. फ्रोतार आमचा रचणारा. जातीचा सरदार, पण गढी चौघा भावांत वाटलेली. त्याच्या वाट्याला अर्धा बुरूज आणि एक धुराडं आलंय, त्या धुराड्याखालची चूल मात्र थोरल्या भावाची. आवाज बिजागरीसारखा, म्हणून स्वतः कधी गात नाही. वर्षाला दोन गाणी करतो, ती आम्हाला पाठ करून देतो, आणि एक अक्षर जरी हललं तरी जेवण टाकतो. प्रत्येक गाण्याच्या शेवटी अर्धं कडवं असतं, त्याला आम्ही पाठवणी म्हणतो. लेकीला सासरी पाठवावी तसं गाण्याला सांगायचं, बाबा रे, आता अमक्या दारी जा. त्या दारातल्या बाईचा मान त्या अर्ध्या कडव्यात असतो. गढीला भिंती किती हे कुणी विचारत नाही हो. तिथल्या बाईवर कुणी गाणं केलंय का, हे विचारतात.

फ्रोतारने या गाण्याला पाठवणी केली होती ती बिननावाची. 'गाण्या, जा, पण नाव न घेता जा' असली काहीतरी. ती कुणासाठी, ते त्यालाच ठाऊक.

"बिननावाच्या पाठवणीला कुणी झगा देतं का गिरौदे?" पेरोनेल म्हणाला. "तू सांग."

मागच्या हिवाळ्यात माझं मनगट मोडलं होतं. मी तीन महिने बहिणीकडे पडून होते आणि हा एकटाच फिरला. परत आला तो दोन झगे घेऊन. एक लाल अस्तराचा, रोकानेराहून. एक निळा, व्हालसेकाहून. मी समजले, गळा तापला असेल. माणसांच्या बाबतीत मी सहसा फसत नाही. कोण किती पाण्यात आहे ते मी त्याच्या जोड्यांवरून सांगते. पण घरचंच माणूस तोलायचं राहून गेलं.

रोकानेरा म्हणजे बेर्मोनची गढी. तिथे याने फ्रोतारची पाठवणी काढून टाकली आणि स्वतःची लावली:

जा गाण्या, रोकानेराच्या दारी,
जिथली रिक्सेन्दा चांदण्याहून न्यारी.

मग दोन कोसांवर, त्याच बेर्मोनच्या वैऱ्याकडे, सावारिकच्या व्हालसेकाला:

जा गाण्या, व्हालसेकाच्या दारी,
फाब्रिसेपुढे फिकी सृष्टी सारी.

"दोन कोस!" मी म्हणाले. "मेल्या, मधे निदान एक डोंगर तरी सोडायचास."

"थंडी होती गं."

"आणि त्या दोघी? त्यांनी कुणाला सांगितलं नसेल?"

"दोघींनी तिथल्या तिथे पाठ केलं." त्याने मान खाली घातली. "रिक्सेन्दाबाईंनी तर माझ्याकडून नऊ वेळा म्हणून घेतलं."

बेर्मोन कोण हे सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी एका गवयाने त्याच्या नाकावर दोन ओळी केल्या. बेर्मोनने त्याच्या जिभेचं टोक उतरवलं. तो गवई आता खालच्या रानात डुकरं राखतो; हाका मारता येत नाहीत म्हणून शिंग फुंकतो. आणि सावारिक? त्याने अजून कुणाची जीभ कापलेली नाही, पण बेर्मोनने केलं आणि आपल्याकडून राहिलं असं त्याला कधीच सहन होत नाही.

पळून जावं म्हटलं तर थोरल्या बाईसाहेबांचं बोलावणं. न जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. मी म्हटलं, फ्रोतारला आधी सांग. गाणं त्याचं आहे. तो काहीतरी तोड काढील, नाहीतर निदान तुला बडवील आणि मोकळा होईल.

फ्रोतार आम्हाला नदीच्या उतारावर भेटला, खेचरावर बसून. नवा कोट, जुने जोडे. पेरोनेल त्याच्या रिकिबीला धरून चालायला लागला, मी मागे गजाने वाजवायचं माझं तंतुवाद्य, व्हिएला, पाठीला बांधून. पेरोनेल दोनदा खाकरला.

"सरदार, एक बोलायचं होतं."

"बोल की. पण आधी हे ऐक. त्या तुलूझच्या गवयाने माझ्या जुन्या गाण्यातला एक शब्द बदलला. एक! 'पहाट' होतं तिथे 'सकाळ' केलं. लोकांना म्हणे कळत नव्हतं."

"मग?"

"मग काय, त्याला सांगून टाकलं, माझ्या सावलीलाही उभा राहू नकोस. आता मासे विकतो." फ्रोतारने पिशवीतून भाकरी काढली, मोडली, एकट्यानेच खाल्ली. "हां, तू काय म्हणत होतास?"

"हेच की… जोडे फार झिजलेत तुमचे."

मी मागून कपाळावर हात मारला. फ्रोतारला मी चांगली ओळखून होते. मागच्या वर्षी त्याने मला एक सुई उसनी दिली होती, ती त्याने आमच्या मुक्कामापर्यंत माणूस पाठवून परत नेली. दिसायला उमदा, बोलायला गोड, पण स्वतःच्या यमकांपलीकडे त्याला कुणी दिसत नाही. हा माणूस वेळ आली तर पेरोनेलला देऊन टाकील, तेही रस्सा निवायच्या आत, असा माझा हिशेब होता.

आर्जेन्साकला पोचलो तेव्हा अंगणात फुलांच्या माळा लागल्या होत्या, मेंढे आगीवर फिरत होते, लसणाचा वास दरवाज्याबाहेरच गाठत होता. मी हात धुतले न धुतले तोच बोलावणं आलं. रिक्सेन्दाबाई. थोराड, गुलाबी, डोळ्यांत जत्रेला निघालेल्या पोरीचा आनंद.

"गिरौदे, ये गं ये. मनगट बरं आहे ना? तुझा नवरा आज माझी पाठवणी नीट म्हणेल ना? ती फाब्रिसा समोर बसणार आहे. मला तिचं तोंड बघायचंय."

"बाईसाहेब," मी म्हणाले, "एवढ्या लोकांत नाव घेतलं तर सरदारांना आवडेल का?"

"त्यांना? अगं, त्यांनी तर चुलत भावांना मुद्दाम बोलावलंय ऐकायला. सहाजण आलेत!"

तिथून सुटले तर जिन्यात फाब्रिसाबाईंची दासी उभी. फाब्रिसा बारीक, काळीसावळी, बोलताना बांगडी फिरवायची सवय. तिने मला बस म्हटलं नाही.

"आज गाणं पूर्ण होऊ दे. शेवटाला घाई नको. गेल्या वेळी तुझ्या नवऱ्याने 'सृष्टी सारी' गिळून टाकलं होतं."

"सर्दी होती, बाईसाहेब."

"आज नाही ना?"

"आज घाम आहे," असं ओठांवर आलं होतं. "नाही," एवढंच म्हणाले.

खाली येऊन बघते तर पेरोनेल तबेल्यामागे भिंतीला टेकून जीभ बाहेर काढून बोटाने चाचपत होता.

"काय करतोस?"

"केवढी असते ते बघतोय."

हसावं की रडावं कळेना. त्या जिभेने मला बारा वर्षं जेवू घातलंय, आणि शिव्याही तिनेच दिल्यात. मी त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, ऐक. पाच कडवी नेहमीसारखी गा. पाठवणी आली की तोंड मिट, डोळे मिट आणि हात छातीवर ठेव. सूर मी वाजवीन. नुसता सूर, शब्द नाहीत. नवी रीत आहे असं दाखवू. प्रेमाचं नाव ओठांवर आणायचं नसतं, म्हणून गाणारा गप्प झाला, असं लोक समजतील. दोघींनाही वाटेल, आपलंच नाव मनात होतं.

त्याने माझा हात धरला. "गिरौदे, तू माझ्यापेक्षा मोठी चोर आहेस."

"ते नंतर. आधी जीभ आत घाल."

जेवण दुपारी, मोठ्या दालनात. थोरल्या बाईसाहेब मधे, पांढऱ्या रुमालात चेहरा, डोळे माझ्या व्हिएलाच्या तारांसारखे ताणलेले. डावीकडे बेर्मोन आणि रिक्सेन्दा, उजवीकडे सावारिक आणि फाब्रिसा. बेर्मोनचे सहा चुलत भाऊ मागे, सावारिकने ते पाहून आपले सात उभे केले होते. फ्रोतार पाहुण्यांच्या रांगेत शेवटी, पण ताठ. तहाची शपथ गाण्यानंतर व्हायची होती. पेरोनेल मधोमध उभा राहिला. दोन्ही झगे पिशवीत ठेवून तो नुसत्या सदऱ्यावर आला होता. ही अक्कल त्याची स्वतःची.

त्या दिवशी तो असा गायला की मलाच वाटलं, हा माणूस मी कधी ऐकलाच नव्हता. भीतीने आवाजातलं सगळं चोपडं निघून गेलं होतं. तिसऱ्या कडव्याला बेर्मोनने हाडूक खाली ठेवलं. चौथ्याला थोरल्या बाईसाहेबांनी डोळे मिटले. फ्रोतार ओठ हलवत प्रत्येक अक्षर मोजत होता आणि एकही कमी पडत नव्हतं. पाचवं कडवं संपलं. पेरोनेलने तोंड मिटलं, हात छातीवर ठेवला. मी गज ओढला.

आणि चाललं होतं बरं का. लोक पुढे झुकले. कुणीतरी उसासा टाकला. सुराची पहिली वेलांटी संपून दुसरी सुरू होणार, इतक्यात रिक्सेन्दाबाईंना राहवलं नाही. इतक्या महिन्यांचं पाठ केलेलं, इतके चुलत भाऊ मागे उभे. त्यांनी गोड, जाड आवाजात सुरू केलं:

"जा गाण्या…"

त्याच क्षणी पलीकडून फाब्रिसानेही, बारीक, अचूक सुरात:

"जा गाण्या…"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दालनात कौतुकाचा हुंकार उठला. वैऱ्यांच्या बायका तहासाठी जोडीने गाताहेत! दोघी हसल्यासुद्धा. मग एक गेली रोकानेराच्या दारी आणि दुसरी व्हालसेकाच्या.

माझा गज तारेवरून घसरला. दोघी थांबल्या नाहीत. थांबणार कशा, जी थांबेल ती हरणार. रिक्सेन्दा चांदण्याहून न्यारी आणि फाब्रिसेपुढे फिकी सृष्टी सारी, दोन्ही एकदम, एकाच चालीत, आढ्याला जाऊन आदळलं. मग खाली कुत्रं हाड फोडत होतं ते ऐकू आलं.

बेर्मोन हळूच उभा राहिला. सावारिकही उभा राहिला, कारण बेर्मोन राहिला होता.

"यातलं खरं कुठलं?" बेर्मोनने विचारलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट.

"माझ्या घरात जे गायलं ते खोटं होतं, असं कुणाला म्हणायचंय?" सावारिक म्हणाला.

"की दोन्ही खोटी?" बेर्मोन पेरोनेलकडे वळला. "गवयाने झग्यासाठी बनवलेली? माझी बायको सहा महिने गवयाची ओळ गुणगुणते आहे?"

पेरोनेलचं तोंड अजून मिटलेलंच होतं. मला वाटलं तो आता सांगून टाकणार, आणि मला वाटलं मीही ओरडणार. बेर्मोनचा एक चुलत भाऊ दाराजवळ जाऊन उभा राहिला होता. मी मनात तबेल्यापर्यंतची पावलं मोजली. फार होती.

थोरल्या बाईसाहेबांनी हात वर केला. "गाणं रचणारा इथेच बसलाय ना? त्यालाच विचारा. फ्रोतार, पाठवणी तुझी कुठली?"

सगळ्या माना वळल्या. मी फ्रोतारकडे पाहिलं. त्याचा चेहरा भिंतीसारखा पांढरा होता आणि तो पेरोनेलकडे बघत होता. त्याला सगळं कळलं होतं. एक पहाट बदलणाऱ्याला ज्याने मासे विकायला लावलं, त्याच्या गाण्याची शेपटीच कापून याने दोन लावल्या होत्या. आता एवढंच म्हणायचं होतं, 'माझी यातली एकही नाही.' खरंच तर होतं ते. मी डोळे मिटले.

"दोन्ही," फ्रोतार म्हणाला.

"काय?"

"दोन्ही माझ्याच." तो उभा राहिला. "हिवाळ्याच्या सुरुवातीला मी रोकानेराच्या बाईसाहेबांवर मरत होतो. मग बर्फ पडलं. बर्फ वितळलं तेव्हा पाहतो तर व्हालसेकाच्या बाईसाहेबांवर. गाणं एकच होतं, दुसरं करायला वेळ झाला नाही. गवयाला मीच दोन पाठवण्या दिल्या. तो बिचारा सांगेल ते गातो."

थोरल्या बाईसाहेबांनी मान कलती केली. या बाईंना गाण्यातलं कळतं, तेच नडलं.

"दोन्ही तुझ्या? फ्रोतार, तुझ्या शेवटच्या कडव्याचं यमक वेगळं आहे. पाठवणीने तेच उचलायचं असतं. इथे 'दारी, न्यारी, सारी'. हे तर जत्रेतलं यमक झालं."

पाचव्या कडव्याला फ्रोतारला गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या मेणबत्तीच्या सणापासून ईस्टरपर्यंत वेळ लागला होता, हे मला माहीत होतं. रोज सकाळी येऊन एकेक ओळ बदलायचा आणि आम्हाला परत पाठ करायला लावायचा. जीभ कापून घेणं त्याला सोपं गेलं असतं.

"घाई झाली, बाईसाहेब," तो म्हणाला. "यमक सुचलं नाही."

आधी कुणीतरी मागे खिदळलं. मग सावारिक हसला, एकदम, टेबलावर मूठ आपटून. "म्हणजे दोन घोडी आणि एकच खोगीर!" बेर्मोनने थोडा वेळ हिशेब केला. बायकोवर खऱ्या सरदाराने खरंच गाणं केलं होतं. सहा चुलत भावांदेखत ते सिद्धच झालं होतं. मूर्ख ठरला होता तो सरदार. मग तोही हसला. बेर्मोन हसला म्हटल्यावर तेराही जण हसले. रिक्सेन्दाबाई शेवटपर्यंत लाल होत्या, पण फाब्रिसाने पलीकडून कपाळाला आठी घालून विचारलं, "तुमच्यानंतर मी, नाही का?" आणि रिक्सेन्दा म्हणाली, "हो, बर्फ वितळल्यावर," आणि तिलाही हसू फुटलं. कुरणाची शपथ झाली. फ्रोतारच्या पेल्यात कुणी दारू ओतली नाही.

जेवण आटोपल्यावर आम्ही त्याला अंगणात गाठलं. तो खेचराचा पट्टा आवळत होता. पेरोनेलने गुडघे टेकले.

"सरदार…"

"उठ. कपडे मळतील."

"सरदार, मी तुमच्या…"

"'चांदण्याहून न्यारी'," फ्रोतार म्हणाला. पट्टा त्याने एक भोक जास्तच ओढला, खेचर फुरफुरलं. "चांदण्याहून न्यारी! इतकी वर्षं माझी गाणी पाठ करतोस. काहीच शिकला नाहीस?"

"नाही," पेरोनेल म्हणाला.

"तुझ्याकडे माझी किती गाणी आहेत?"

"अकरा."

"दहा. हे आता माझं राहिलं नाही." तो खेचरावर चढला. माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्या माणसाचं वजन मी किती वर्षं चुकीचं धरून चालले होते, हे त्याला सांगायची ती वेळ नव्हती. सांगण्यासारखंही नव्हतं.

त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही. दोन बायकांना एकच गाणं देणारा, वर यमक चुकवणारा. त्याच्या गाण्याने आपल्या गढीचा मान वाढतो असं कुठल्या बाईला वाटेल? आम्ही मात्र फिरत राहिलो. जुनी दहा गात राहिलो. पेरोनेल प्रत्येक पाठवणी जशीच्या तशी म्हणायचा, अक्षरही न हलवता, आणि प्रत्येक वेळी म्हणताना घामाने भिजायचा.

संत योहानाच्या जत्रेला आम्ही बाजारात हिंडत होतो. मासळीच्या ओट्याजवळ गर्दी दिसली, हशा ऐकू आला. एक अनोळखी गवई पिंपावर उभा राहून गात होता. पहिल्याच ओळीला पेरोनेल थांबला. पाचही कडवी त्या गवयाने घाईत उरकून टाकली, कारण लोकांना कडवी नकोच होती. मग त्याने कमरेवर हात ठेवला, डोळा मिचकावला.

"आता ऐका, आपल्या फ्रोतार सरदारांच्या दोन पाठवण्या! एक बर्फाआधीची, एक बर्फानंतरची!"

आणि लोकच म्हणायला लागले. मासेवाल्या, गाढववाले, एक भिक्षूसुद्धा. न्यारी, सारी, दारी. कुणीतरी तिसरी जोडली होती, सराईतल्या पोरीच्या नावाची. चौथीही होती. प्रत्येकीनंतर 'शाब्बास फ्रोतार!' असा ओरडा.

पेरोनेल पुढे सरकला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "ते त्याचं नाहीये," तो म्हणाला, अजून हळूच, पण पुढचं हळू येणार नाही हे मला दिसत होतं. गर्दीत चार माणसांपलीकडे बेर्मोनचा एक चुलत भाऊ मासा हातात धरून उभा होता आणि सगळ्यांबरोबर गात होता.

मी पेरोनेलच्या पायावर पाय ठेवला, टाचेने, सगळा भार टाकून. त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पायाने की कशाने. मी पाय काढला नाही. वर लोकांनी पाचवी पाठवणी सुरू केली.